खिशातली लुसिया

ह्यांचा खाकी सदरा उलटा करून मी साबण लावत होते, तेव्हा डाव्या खिशाच्या मागे बोटाला काहीतरी टणक लागलं. बटण तुटून अस्तरात गेलं असेल म्हणून चाचपून पाहिलं, तर आतल्या बाजूने रुपयाएवढा एक चोरखिसा शिवलेला. वरून दिसू नये असा. तोंड टाके घालून बंद केलेलं.

मी तेव्हा घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. टाका बघितला की कुणाचा हात आहे ते मला कळायचं. हा टाका माझा नव्हता. बारीक, एकसारखा, आणि दोरा निळसर. आमच्या घरात निळा दोरा नव्हता.

ओल्या हातानेच मी टाके उसवले. आतून एक लहानसा बिल्ला निघाला, लांबट गोल, वर कडी. घासून घासून गुळगुळीत झालेला. त्यावर एक बाई उभी होती, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. एका हातात कसलीतरी फांदी, दुसऱ्या हातात ताटली, ताटलीत दोन गोल काहीतरी. बोरं म्हणा, लाडू म्हणा. कडेने इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नव्हतं.

मोरीत बसल्या बसल्या मी तो उलटसुलट करून पाहत राहिले.

हे मिशनच्या शाळेची बस चालवायचे. तालुक्याच्या गावी शाळा, आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून पोरं गोळा करून आणायची. बसमध्ये पोरांना चढवायला-उतरवायला एक बाई असायची, मोनिका लोंढे. विधवा, माझ्याच वयाची, मिशनच्या आवारातल्या चाळीत राहणारी. कपाळ मोकळं, गळ्यात क्रूस, बोलायला गोड. गळ्यात-मनगटात असले बिल्ले तिच्याच लोकांच्या असायचे, एवढं मला माहीत होतं.

संध्याकाळी मी बिल्ला ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय हो?"

त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि पटकन हातात घेतला. "बसमध्ये सापडला. एखाद्या पोराचा असेल. उद्या देऊन टाकतो."

"सापडलेली वस्तू कुणी सदऱ्याच्या आत शिवून ठेवतं?"

ते उठून ओट्यावर जाऊन बसले. बिल्ला मात्र मुठीतच होता.

मी भांडले नाही. मला भांडायला कारण नको होतं, पुरावा हवा होता. आणि एकदा मन तिकडे वळल्यावर मागचं सगळं आठवायला लागलं. दिवाळीपासून हा माणूस माझ्याकडे धड बघत नव्हता. मी शेजारी येऊन बसले तरी ह्यांचं लक्ष नसायचं. हाक मारली की दचकायचे. जेवताना डाव्या बाजूला वाढलेली चटणी, कोशिंबीर तशीच राहायची. मी विचारलं, "आवडली नाही का?" तर म्हणायचे, "अगं, राहिली." एकदा मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले, आणि हे माझ्या अंगावरूनच आत गेले, मला धक्का देऊन. बायको दारात उभी आहे हे कळू नये? पूर्वी लग्नाकार्याला न्यायचे, पिक्चरला न्यायचे. आता अंधार पडायच्या आत घरी, आणि घरी आल्यावर गप्प. वर शाळेला सुट्टी असताना एकदा म्हणाले, बसचं काम करून घ्यायचंय, गॅरेजला जातो. सबंध दिवस नव्हते. परत आले तेव्हा हाताला ऑइलचा डाग नव्हता.

माझे दीर रघुनाथ भाऊजी पंचायत समितीत कारकून होते. दोन दिवसांनी ते आले तेव्हा हे आंघोळीला गेलेले. खुंटीवरच्या सदऱ्यात बिल्ला परत शिवलेला होता. पुन्हा तोच निळा दोरा. मी तो बाहेर काढून भाऊजींना दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून, उजेडाकडे धरून वाचलं. "एस... एल, यू, सी... लुसिया. लुसिया लिहिलंय, वहिनी. बाईचं नाव आहे."

"कोण बाई?"

"ते मी कसं सांगणार? तुम्हीच बघा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला वेगळीच शंका येते. दादा बाटायच्या मार्गाला तर नाही ना? ते लोक आधी असंच काही गळ्यात घालतात. मग बायकोपोरांचा नंबर."

"उगाच काहीतरी."

"उगाच? मग सांगा, देव्हाऱ्यापुढे कधी बसले होते शेवटचे?"

मला आठवेना. निरांजनाकडे बघवत नाही, डोकं दुखतं म्हणायचे, आणि बाहेर जायचे.

भाऊजी गेले तसा मी बिल्ला परत खिशात सारला. मला बाटण्याची तेवढी भीती वाटली नाही. देव बदलला तरी माणूस घरात राहतो. मला त्या नावाची भीती वाटली. मोनिकाचंच दुसरं नाव लुसिया असेल, असं मी मनाशी धरलं. त्यांच्यात दोन-दोन नावं असतात म्हणे.

मग मी पाळत ठेवायला लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. दळणाचं निमित्त करून मी सकाळी तिथे उभी राहायची. बस समोरून जायची, निळी, जुनी. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावरच्या झाकणावर गोधडीची घडी टाकून मोनिका बसलेली असायची. पूर्वी ती मागे, पोरांमध्ये बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आता ती ह्यांच्या डाव्या खांद्याला लागून बसायची, थोडी पुढे वाकलेली. तिचे ओठ सारखे हलत असायचे. ती बोलत होती आणि हे मान हलवत होते. एकदा तर वळणावर तिने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला. नुसता टेकवलेला नाही, दाबलेला.

घरी माझ्याशी चार शब्द नाहीत, आणि तिचं बोलणं संपत नाही.

गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, दळण झालं केव्हाच."

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी ह्यांच्या आधी आवरून, चांगली साडी नेसून तयार झाले.

"कुठे?"

"शाळेत. वैजूच्या दहावीचं काहीतरी विचारायचंय सिस्टरांना. तुमच्या बसनेच येते."

वैजू आमची एकुलती एक, त्याच शाळेत शिकायची. तिला जादा तास होता म्हणून ती सकाळीच सायकलने गेलेली. हे गडबडले.

"आज नको. बस भरलेली असते."

"उभी राहीन."

"लेकरांच्या बसमध्ये मोठ्या माणसांना न्यायची परवानगी नाही."

"मोनिकाबाई लेकरू आहे वाटतं?"

त्यांनी किल्ली उचलली आणि चालायला लागले. मी मागोमाग.

मोनिका नाक्यावर बसपाशी उभी होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला मी नीट पाहून घेतला. "या ना वहिनी," म्हणाली. मी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसले, अगदी जाळीला नाक लावून. म्हटलं, आता बोला काय बोलायचं ते.

बस सुटली. थोडा वेळ मोनिका गप्प होती. ह्यांनी बस अगदी हळू घेतली होती, बैलगाडीसारखी. तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, मग समोर. मग तिला राहवेना. ती पुढे वाकली आणि बोलायला लागली, हलक्या आवाजात. इंजिनाच्या आवाजात मला आधी काही कळेना. मी जाळीला कान लावला.

"सायकल... सायकल गेली. म्हशी आहेत, तीन, कडेला आहेत, चला. टेम्पो उभा. अजून थोडं उजवीकडे... बस. म्हातारी ओलांडतीये. थांबा. थांबा. हं, गेली."

एवढंच. वस्तीपर्यंत तेच. त्यात एकही गोड शब्द नव्हता. एखादी पोथी वाचावी तशी ती रस्ता वाचत होती, फक्त डाव्या बाजूचा. मी ऐकत होते आणि मला अर्थ लागत नव्हता. माझ्या डोक्यात इतकं दुसरंच भरलेलं होतं की हीदेखील त्यांची काहीतरी खूण असेल, असं मला वाटत होतं. मी बसले आहे म्हणून मुद्दाम असं बोलत असतील.

कॅनॉलच्या पुलाजवळ बस थांबली. तिथे पाच-सहा पोरं चढायची होती. मोनिका खाली उतरली. एक लहान पोरगा रडत होता, त्याला उचलून ती मागच्या दाराने आत नेत होती. तेवढ्यात पोरांपैकी कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "चला!" मोनिकाचा शब्द समजून ह्यांनी गिअर टाकला.

पोरं बघायला मी डावीकडच्या खिडकीशी सरकले होते, तिथून मला दिसत होतं. एका चिमुरडीची पाण्याची बाटली घरंगळत पुढच्या डाव्या चाकाशी गेली होती, आणि पोरगी वाकून ती उचलत होती. तिची वेणी, वेणीची लाल रिबीन, आणि चाक. त्यांच्या आरशातून, त्यांच्या काचेतून ती स्वच्छ दिसायला हवी होती. ह्यांनी तिकडे मान वळवली. पाहिलं. आणि क्लच सोडला.

"थांबा!" मी किंचाळले. "अहो, थांबा! पोरगी!"

बस धाडकन बंद पडली. पोरं एकमेकांवर आपटली. मी जाळी धरून उभी राहिले. ती मुलगी बाटली घेऊन सरळ उभी राहिली, चाकापासून वीतभर अंतरावर, आणि काय झालं म्हणून वर बघायला लागली.

हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मागे न बघता त्यांनी विचारलं, "कोण होतं? कुठे होतं?"

"तुम्हाला दिसली नाही?"

"कोणत्या बाजूला होती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मोनिका धावत पुढे आली. तिने त्या मुलीला उचललं, छातीशी धरलं, आणि खांबाला टेकून उभी राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत मला कळलं की हिला सगळं माहीत आहे, आणि मला जे माहीत आहे असं वाटत होतं त्यातलं काहीच खरं नाही.

शाळेपर्यंत मी तिच्या जागी इंजिनावर बसले. ती मागे पोरांना धरून. डावीकडचं मी सांगत गेले. मला नीट सांगता येत नव्हतं. "अहो, कुत्रं... नाही, गेलं... दगड आहे." हे चालवत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसत नव्हते.

पोरं उतरून वर्गात गेली. प्रार्थनेची घंटा झाली. रिकाम्या बसमध्ये आम्ही तिघं उरलो.

"सांगा," मी म्हटलं. कुणाला म्हटलं मलाच ठाऊक नाही.

मोनिकाच बोलली.

"काचबिंदू आहे वहिनी. डाव्या डोळ्याचं जवळजवळ गेलंय. उजव्याचंही कडेने जायला लागलंय. शाळेच्या फाटकाला गाडी तीनदा घासली तेव्हा मला शंका आली. सुट्टीच्या दिवशी मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे मीच नेलं भाऊंना. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. औषधाचे थेंब घातले तर उरलेलं टिकेल. थेंब माझ्याकडे असतात. पोरं उतरली की मी घालते."

"आणि गाडी?"

"गाडी बंद करा म्हणाले."

"मग?"

ह्यांनी मान वर केली. "वैजूची परीक्षा मार्चमध्ये. तोवर म्हटलं ओढावं. मला दुसरं काय येतं? वीस वर्षं हेच केलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू गाडीवर जाऊ दिलं असतंस का?"

मी त्यांच्या खिशाकडे बोट केलं. "आणि ही लुसिया कोण?"

मोनिका चमकली. मला काय म्हणायचंय, मी आज इथे का आले, हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. तिने पदराच्या टोकाने ओठ पुसले.

"ते मेडल माझ्या आईचं," ती म्हणाली. "संत लुसिया. जुन्या काळची कुमारी. धर्मासाठी जीव दिला तिने. तिचे डोळे काढले, असं सांगतात. म्हणून हातात ताटली असते."

"ताटलीत बोरं आहेत."

"डोळे आहेत वहिनी."

मी बसच्या पायरीवर बसले.

"डोळ्यांसाठी तिच्याकडे मागणं करतात," मोनिका म्हणाली. "माझी आई म्हातारपणी आंधळी झाली. दहा वर्षं हे तिच्या गळ्यात होतं. डोळे काही आले नाहीत. पण रोज सकाळी हातात धरून म्हणायची, मला नाही तर नाही, माझ्या वाटेवर येईल त्याला सांभाळ. भाऊ तुमच्या धर्माचे, गळ्यात घालणार नाहीत, म्हणून मी आत शिवून दिलं. तुम्ही उसवलंत तेव्हा परत शिवलं. भाऊंना मी म्हटलं होतं, वहिनींना सांगा. म्हणाले, सांगतो, सांगतो."

"आणि तुम्हाला वाटलं, ह्या बिल्ल्यावर पोरं सांभाळली जातील?" माझा आवाज चढला. "चाळीस पोरं असतात गाडीत. आज ती रिबीनवाली गेली असती तर?"

"झोप लागत नाही मला," ती म्हणाली. "पापनिवेदनाला जाते, फादरांपुढे गुडघे टेकते. सगळं सांगते आणि हे तेवढं तोंडातून निघत नाही. कारण निघालं की ते म्हणणार, आजच थांबव." मग ती माझ्याकडे वळली. "आज तुम्हाला बसमध्ये कुणी पाठवलं वहिनी? तुम्ही कधी येत नाही."

मी काय सांगणार होते? मला संशयाने पाठवलं होतं. मी तिच्या झिंज्या उपटायला आले होते.

"किल्ली काढा," मी ह्यांना म्हटलं.

"इंदू, मार्चपर्यंत..."

"काढा."

त्यांनी किल्ली काढली. माझ्या हातात दिली नाही. स्वतःच्याच मुठीत घट्ट धरली आणि उतरले. पायरी चुकली, मी दंड धरला. मोनिका म्हणाली, "मी पण येते. माझंही सांगायचं आहे." आम्ही तिघं मुख्याध्यापिकेच्या खोलीकडे निघालो. व्हरांड्यात पोरांची प्रार्थना ऐकू येत होती.

सिस्टर बेनिग्ना केरळच्या. मराठी थोडं अडखळत बोलायच्या. ह्यांनी टेबलावर किल्ली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं, कॅनॉलपाशी काय झालं तेही. मोनिकाचं नाव घेतलं नाही. मोनिकाने पुढे होऊन स्वतःच सांगितलं. सिस्टरांनी विचारलं, "ती मुलगी कोण?" मोनिकाने नाव सांगितलं. सिस्टर उठल्या, आम्हाला तिथेच बसवून वर्गाकडे गेल्या, त्या मुलीला डोळ्यांनी बघून परत आल्या. तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडलेला होता.

"तुम्ही दोघांनी फार वाईट केलं," त्या म्हणाल्या. "फार वाईट. आज स्वतः आलात, म्हणून मी पोलिसांत जात नाही. पण ह्या मुलांच्या आईवडिलांना मी सांगणार. लपवणार नाही."

त्यांनी खरंच सांगितलं. दोघा-तिघांनी येऊन आमच्या दारात शिव्या दिल्या, आणि आम्ही ऐकून घेतल्या. मोनिकाला बसवरून काढून शाळेच्या स्वयंपाकघरात टाकलं. ह्यांना काही महिने काम नव्हतं. मी ब्लाउजांचं काम वाढवलं, वैजूने दहावी दिली. पुढे ह्यांना गावातल्याच एका नर्सरीत रोपांना पाणी घालायचं काम मिळालं. उजवा डोळा त्या थेंबांनी शेवटपर्यंत टिकला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही शाळेतून चालत निघालो. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर गाड्या, पाट्या, बैल, माणसं. ह्यांनी पहिल्यांदाच माझ्यापुढे लपवणं सोडलं होतं, आणि तेव्हा मला दिसलं की ह्या माणसाला किती कमी दिसतं. कोपऱ्यावर एका हातगाडीला ते धडकणारच होते. मी डाव्या बाजूला गेले आणि त्यांचा हात धरला.

आमच्या गावात तेव्हा नवरा-बायको हात धरून चालत नसत. भाजीवाल्या बायका बघायला लागल्या. रघुनाथ भाऊजी पानाच्या दुकानापाशी उभे होते. ते बघतच राहिले. गिरणीवाला तर बाहेरच आला. ह्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला.

"लोक बघतायत ना?" ते हळूच म्हणाले.

"बघतायत."

"मग?"

"चला," मी म्हटलं. "पुढे खड्डा आहे. थोडं उजवीकडे... हं. आता सरळ."